मूठभर भंडारा

ईरप्पा पुजाऱ्याने बिरोबासमोरचं भंडाऱ्याचं ताट उचललं आणि आण्णांच्या पुढ्यात ठेवलं. हळद नवी भरली होती. ताट काठोकाठ पिवळं दिसत होतं.

देवळापुढच्या लिंबाखाली सगळी वस्ती बसली होती. पुरुष अलीकडे, बायका पलीकडे. आण्णांची पांढरी गाडी रस्त्यावर उभी होती.

जिल्हा परिषदेला आण्णा उभे राहिले, तेव्हा आपला माणूस म्हणून वस्तीने घरटी एक मेंढी विकून त्यांना प्रचाराला पैसे दिले होते. उरेल त्यात वस्तीला पाण्याची टाकी बांधू, असं आण्णा याच देवळात बोलले होते. आण्णा पडले. टाकी झाली नाही. काहीच उरलं नाही, असं ते म्हणाले. मग त्यांची गाडी चालवणाऱ्या कुमारने सांगितलं, की ऐन प्रचारात पैशाची पिशवी आपण स्वतःच्या हाताने जुळे सोलापुरात एका बिल्डरच्या ऑफिसात नेऊन दिली.

हिशेब मागू, असं सकाळी कोणीतरी म्हणालं होतं. ईरप्पाने मान हलवली होती. "हिशेबात खोटं चालतं. भंडाऱ्यात चालत न्हाय. आन घिऊन उचलला तर मिटलं. न्हाय उचलला, तर मेंढरांचं पैसं माघारी द्यायचं." सगळ्यांना ते पटलं. आण्णा भंडारा उचलणार नाहीत, याची प्रत्येकाला खात्री होती.

"आमी लई मागत न्हाय, आण्णा," म्हातारा चन्नवीर म्हणाला. "पैसा परचारालाच गेला, येवढं देवापुढं म्हना."

"हितली टाकी न्हाय झाली," बायकांतून एक आवाज आला, "पर आण्णांच्या फ्लॅटवर झाली म्हनं. नळ सोडला की पानी."

दोघी-तिघी हसल्या. आण्णाही हसले. "या की एकदा प्यायला."

त्यांनी पायातलं काढलं, हातपाय धुतले, बाही वर सारली. ताटापुढे बसता बसता ते थांबले आणि कुमारकडे वळले.

"आदी ह्यो उचलंल. आरोप ह्याचा हाय."

ते रीतीला धरून होतं. ईरप्पाने ताट कुमारपुढे सरकवलं. कुमार लगेच पुढे आला. जे केलं तेच त्याने सांगितलं होतं. त्याने हात पुढे केला.

"अगुदर म्हन," आण्णा म्हणाले, "परचाराच्या पैशातलं मी काय बी घरी न्हेलं न्हाय. मग माज्याबद्दल बोल. दुसऱ्याला चोर म्हनायचं, तर आपलं घर साफ पायजे का न्हाय?"

"पायजे की," माणसं म्हणाली.

कुमारची बोटं भंडाऱ्याला लागली आणि तिथेच थांबली. त्याने बायकांकडे पाहिलं. त्याची आई केराबाई पुढेच बसली होती. देवाला यायचं म्हणून ती नवं हिरवं लुगडं नेसून आली होती. मतदानाच्या आधी बायकांना वाटायला नेलेल्या लुगड्यांच्या गठ्ठ्यातलं ते एक कुमारने गाडीच्या सीटखाली सारून ठेवलं होतं. आईला सांगितलं होतं, पगारातून घेतलं.

"उचल की रं," केराबाई म्हणाली. "भितोस कशाला? खरं बोलनाऱ्याला बिरोबा काय करतोय?"

कुमार तिच्या पदराकडे बघत राहिला. आण्णांनीही तिकडे पाहिलं.

"लुगडं झ्याक हाय, केराक्का," ते म्हणाले.

केराबाईने आधी आण्णांकडे पाहिलं, मग मुलाच्या तोंडाकडे. तिने पदर हळूच गोळा केला आणि मांडीखाली दाबून धरला.

"पिशवी मी न्हेली, ते खरं हाय," कुमार म्हणाला.

"मग उचल," चन्नवीर म्हणाला.

कुमारने हात मागे घेतला. बोटांची टोकं पिवळी झाली होती.

आण्णा ताटापुढे बसले. त्यांनी मनगटापर्यंत हात घातला आणि मूठ भरून वर काढली. "बिरोबाची आन हाय. वस्तीचा पैसा परचारालाच गेला. खोटं असंल तर माज्या लेकराबाळांचं वाटोळं हुईल." भाषणात बोलत तसेच ते बोलले. कुठे अडखळले नाहीत.

सगळे देवाकडे बघत राहिले. गाभाऱ्यात समई जळत होती. काही झालं नाही.

"उचलला की," शेवटी चन्नवीर म्हणाला.

"व्हय. उचलला," ईरप्पा म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच नीट ऐकू आला नसावा. तो पुन्हा म्हणाला, "मिटलं मग."

कुमारशेजारचा माणूस थोडा बाजूला सरकून बसला.

आण्णांनी मूठ आभाळात उधळली. "बिरोबाच्या नावानं..."

"चांगभलं," सगळी वस्ती म्हणाली. आजवर कधी चुकलं नव्हतं, तसं तोंडातून निघून गेलं. कुमारच्याही निघालं.

गाडी गेली. टँकर यायची वेळ झाली होती, म्हणून बायका घागरी आणायला उठल्या. केराबाई तेवढी लिंबाखाली बसून राहिली. तिच्या डोक्यावर, खांद्यावर, हिरव्या लुगड्यावर भंडारा पडला होता. देवाचा भंडारा झटकायचा नसतो. तिने तो झटकला नाही.