अकराचं लॉक

अकराला पाच कमी असताना सुचित्राने दोन बटणं एकदम दाबून कॉम्प्युटरचा स्क्रीन लॉक केला. सकाळपासून घातलेल्या पुस्तकांच्या नोंदी त्याआड गेल्या. मग तिने थर्मास उघडला आणि दोन कप मांडले.

लालबागच्या या वाचनालयात कॉम्प्युटर एकच, आणि त्याचा पासवर्ड ठाऊक असलेला माणूसही एकच, असं कमिटीसकट सगळे धरून चालले होते. तो माणूस म्हणजे शामकाका. ग्रंथपालपदावरून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी काका रोज अकराला येत, कॉम्प्युटर उघडून देत, चहा घेत आणि बाराला जात.

खरं तर त्यांच्या जागी आलेल्या सुचित्राला पासवर्ड पहिल्याच आठवड्यात सापडला होता. पुसायला म्हणून कीबोर्ड उलटा केला, तर खाली चिठ्ठी चिकटवलेली. तिने ती काढून गुपचूप पर्समध्ये टाकली. काकू गेल्यापासून काकांना जायला दुसरी जागा तरी कुठे होती? इथलं येणं तुटलं, तर बिचारे दिवसभर भिंतीकडे बघत बसतील.

काका आले. तीन जिने चढून धाप लागलेली. नेहमीसारखा त्यांनी आधी कीबोर्ड उचलला, खालून रुमाल फिरवला. भारी टापटीप. मग पासवर्ड टाकला.

"घे गो, उघडला तुझा खजिना. डब्यात काय आज?"

"एकटीपुरतं काय करायचं, काका? पोळी-लोणचं."

"वाटलंच मला." काकांनी पिशवीतून घावणे काढले.

तेवढ्यात कमिटीचा सेक्रेटरी निलेश आत आला. "ताई, सोमवारी नवीन मशीन येतंय. तुमचा वेगळा युजर, वेगळा पासवर्ड. काकांना उगाच जिने चढायला नकोत. गुडघे बघा त्यांचे!"

सुचित्रा पटकन म्हणाली, "मला नाही हं जमणार नवीन."

"काय ताई! मोबाइलवर तर लाइटबिलं भरता सगळ्या मजल्याची!"

काकांनी शांतपणे कप खाली ठेवला. "निलेश, तिला सवय व्हायला वेळ लागतो. वर्षभर राहू दे जुनंच. मी येतोय ना?"

निलेशने दोघांपुढे हात जोडले आणि तो गेला. सुचित्राने श्वास सोडला. वाचला म्हातारा.

बाराला काका निघाले, पण रुमाल टेबलावरच राहिला. तो द्यायला ती मागोमाग उतरली. दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर काका गुडघा चोळत बसले होते. तिच्याकडे पाठ, कानाला फोन. पलीकडे कुडाळची लेक असणार.

"नाय गो प्राची, तुझ्याकडे राहायला यायचं अजून वर्षभर तरी जमायचं नाय. दुखतात तर दुखू देत गुडघे. तिची आई गेल्यापासून त्या पोरीला बोलायला माणूस नाय. अगो, निवृत्त झालो तेव्हाच पासवर्डाची चिठ्ठी कीबोर्डाखाली चिकटवून आलो होतो मी. तिनं लपवून ठेवलीय. रोज उचलून बघतो, अजून परत लावली नाय."