बिनभोकाचं लटकन

ट्रे ओव्हनमध्ये सरकवण्याआधी मावशीने सगळी लटकनं एकदा नजरेखालून घातली आणि शेवटच्या लटकनापाशी थबकली. त्याला भोक नव्हतं.

मावशी म्हणजे मुलींच्या बाबांची दुसरी बायको. ‘नवी आई’ हा शब्द शेजाऱ्यांचा. धाकटी तिला मावशी म्हणायची. थोरली शक्यतो काहीच म्हणायची नाही, ‘ऐक ना’वर तिचं भागायचं.

आज थोरलीने ब्रेसलेटचा घाट घातला होता. पातळ, दुधी प्लास्टिकवर घरातली माणसं काढायची, रंगवायची, कापायची आणि भाजायची. भाजलं की हे प्लास्टिक आक्रसतं. तळहाताएवढा माणूस अंगठ्याएवढा होतो आणि दगडासारखा टणक. म्हणून दोरा ओवायचं भोक पाडायचं ते आधीच, नंतर सुई काय, खिळासुद्धा आत शिरत नाही. हे थोरलीने धाकटीला पुन्हा पुन्हा बजावलं होतं. एवढ्यावर न थांबता तिच्या हातातलं पंचिंग मशीन काढून घेऊन सगळी भोकं स्वतःच पाडली होती.

बाबांना भोक होतं. आजोबांना होतं, दोघी बहिणींना होतं. आईलाही होतं. आई आता दुसऱ्या गावी राहायची, पण तिचे केस थोरलीने असे काही मन लावून रंगवले होते की बघत राहावं. मांजरीच्या शेपटीलासुद्धा भोक होतं.

आणि शेवटी हिरव्या स्वेटरमधली, चष्मेवाली बाई. ही आपणच, हे मावशीने लगेच ओळखलं. चष्म्याच्या काड्यासुद्धा सोडल्या नव्हत्या पोरीने. भोक तेवढं नव्हतं.

मांजरीला आहे आणि मला नाही, असा पोरकट विचार मावशीच्या मनात आला आणि तिची तिलाच लाज वाटली. विसरली असेल. पण ही पोरगी कधी काही विसरते का? मशीन ट्रेच्या शेजारीच पडलं होतं. थोरली हात धुवायला गेली होती. मावशीने ते उचललं.

“तू पाडणार?” धाकटीने डोळे मोठे केले. “ताई ओरडेल हं.”

“नाही ग. नुसतं बघतेय.”

तिने मशीन होतं तिथे ठेवून दिलं. कुणी बोलावलेलं नसताना आपणच जाऊन पंगतीत बसल्यासारखं झालं असतं ते. थोरलीला सरळ विचारता आलं असतं, पण काय उत्तर येईल याची तिला भीती वाटली. तिने ट्रे आत सरकवला आणि दार लावलं.

थोरली परत आली आणि तिघी काचेसमोर उकिडव्या बसल्या. आधी काहीच होईना. मग बाबांनी एकदम अंग आखडलं, आजोबा वळून गुंडाळी झाले, मांजर तर स्वतःच्याच शेपटीत शिरली.

“मेले सगळे!” धाकटी किंचाळली.

“गप ग. आपोआप सरळ होतात,” थोरली म्हणाली.

आणि झालेही, एकेक करत. धाकटीचा जीव भांड्यात पडला. मावशीने ट्रे बाहेर काढला, लटकनं जाड पुस्तकाखाली दाबली आणि ती गार झाल्यावर थोरली दोरा घेऊन ओवायला बसली. बाबा, आजोबा, आई, दोघी, मांजर. मग तिने हिरवं स्वेटर उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

“नाही पाडलंस?”

“मी? भोकं तू पाडत होतीस ना?”

“सगळ्यांची पाडली. तुझं ठेवलं होतं. मशीन तुझ्यासमोर ठेवून मी मुद्दाम हात धुवायला गेले.”

“अग, मग बोलायचं ना तसं.”

“कसं बोलणार?” थोरली नखाने लटकनाची कड खरवडत राहिली. “आईचं मी न विचारता पाडलं. ती कुठेही राहिली तरी आईच आहे. तू गेलीस तर तू कोण? राहायचं असेल तर तू पाडशील, असं वाटलं मला. आणि तू नाहीच पाडलंस.”

मावशीचे डोळे भरून आले.

“तिने मशीन घेतलं होतं ताई, खरंच!” धाकटी मध्येच म्हणाली. “मीच म्हटलं, तू ओरडशील.”

थोरलीने धाकटीकडे असं पाहिलं की ती मुकाट्याने टेबलाखाली गेली.

“प्लास्टिक उरलंय का?” मावशीने विचारलं.

उरलं होतं, एक तुकडा. थोरलीने पुन्हा स्वेटर काढलं, पुन्हा चष्मा काढला. घाईत एक डोळा मोठा झाला, तो तसाच राहू दिला. कापून झाल्यावर तिने चित्र मावशीपुढे सरकवलं आणि या वेळी मशीनही तिच्या हातात दिलं. मावशीने चष्मा पुसला. चित्र खराब होऊ नये म्हणून तिने मशीन डोक्याच्या अगदी टोकाला, केसांच्या शेवटच्या रेघेवर धरलं.

“इतकं कडेला नको,” थोरली म्हणाली. “तुटून पडशील. थोडी आत ये.”