लिंबाखालची जागा

छगनचं हे वागणं मुबारकबीला अजिबात पटलं नव्हतं. सकाळपासून डोंगराकडची माणसं भाजलेली जनावरं घेऊन तिच्या अंगणात येत होती. कोणी लाजत नव्हतं, कोणी विचारत नव्हतं. आणि हा एकटा शहाणा फाटकाबाहेर, भर उन्हात, रस्त्याच्या फुफाट्यात मांडी घालून बसलेला. मांडीवर कुत्रं.

आदल्या दिवशी कुणीतरी भातरोपांसाठी राब, म्हणजे वाफ्यावरचा पालापाचोळा, जाळताना वारा फिरला आणि वणवा डोंगर चढला. छगननं गोठ्यातल्या शेळ्या सोडल्या. नुकतीच व्यालेली एक आत अडून राहिली, तिला हुसकायला कुत्रं परत धुरात शिरलं. शेळी बाहेर आली. तिच्या मागून कुत्रं आलं, ते चारी पाय भाजून घेऊनच.

अंगणात मुबारकबीची नात फरहीन एका गाईच्या कासेला मलम लावत होती. जनावरांची डॉक्टर होऊन पोरीला पुरतं वर्ष झालं नव्हतं. तरी मिशाळ बाप्ये तिच्या शब्दासरशी दोर आवळत होते, सैल सोडत होते. येईल त्याला मुबारकबी चपला कुठं काढायच्या ते दरडावून सांगत होती, आणि लगोलग, कोणी विचारलं नसताना, ही माझ्या लेकाची, हारिसची थोरली हेही सांगत होती.

कुत्र्याला फरहीननं रस्त्यावर जाऊनच सलाईन लावलं. अंगातलं पाणी उडालंय, बाटली संपेपर्यंत धार थांबली नाही तरच हे वाचेल, असं बजावून ती गाईकडं परतली. बाटली टांगायला रस्त्यावर काहीच नव्हतं. छगन हात वर धरून बसला.

टांगण्याजोगी जागा एकच होती. अंगणातल्या कडुलिंबाची खालची फांदी. तिच्याखाली मुबारकबीची नमाजाची चटई असते, आणि नमाजाच्या जागी कुत्रं चालत नाही म्हणून या घरात कुत्रं येत नाही, हे गावात पोराठोरांना ठाऊक. फरहीननं त्याला दोनदा आत बोलावलं. छगननं म्हातारीकडं पाहिलं.

"असू द्या," तो म्हणाला. "आमी हितंच बरं हाय."

मान देत होता म्हणे. यापरीस चारचौघांत शिवी दिली असती तर मुबारकबीला कमी लागली असती. पण ये म्हणून तिनंही काही म्हटलं नाही.

छगनचा हात भरून आला. बाटली खाली आली तसं नळीत रक्त चढलं. त्यानं हात बदलला. तोही टिकेना. कुत्र्यानं डोळे मिटून घेतले.

मुबारकबी बाजेवरून उठली. चटई गुंडाळली, झटकली, पडवीत नेऊन पसरली. मग कमरेवर हात ठेवून फाटकाशी आली.

"छगन, लई मान दिलास," ती म्हणाली. "आता माझ्या नातीनं हात लावलेलं जनावर माझ्याच दारात मारतोस व्हय? चटई मी हलवली. लिंब काय माझ्यानं हलत न्हाई. उचल त्याला."