करदोडा

माझ्या पंधरा दिवसांच्या बाळाच्या कमरेचा करदोडा सासूनं तीनदा सैल केला, दर वेळी शेजारणींना कौतुकानं सांगितलं, "नातू बाळसं धरून राहिला!" त्याला धार येत नाही, थेंबथेंबच मुततो, हे मी रोज सांगत होते. "काऊन नजर लावून राहिली पोराले?" तिनं मलाच झापलं. मुलगाच आहे ना, हे पाहायला सारं गाव दुपटं उचलून गेलं. तो मुततो कसा, हे एकीनंही पाहिलं नाही. आज गोंदियात डॉक्टरांनी पोट दाबून सांगितलं, "लघवीच्या वाटेत जन्मापासून पडदा आहे. पोट तुंबलेल्या लघवीनं फुगलंय, किडन्याही सुजल्यात." नळी घालण्याआधी नर्सनं कात्री उचलली, तशी सासू आडवी आली. "करदोडा तोडू नका, अपशकुन होते!" मी कात्री हिसकावली, करदोडा कापला आणि तिच्या हातात कोंबला. "घ्या, दाखवा गावाले तुमचं बाळसं!"