सगळ्यात जड कोण?

“तुमच्यात सगळ्यात जड कोण?” मिस्त्रीने विचारलं.

तळ्याकाठच्या त्याच्या शेडमध्ये लाकडी चौकटींवर विकायची दोन जुनी इंजिनं अडकवलेली होती, एक चाळीस हॉर्सपॉवरचं आणि एक पंचाहत्तरचं. बाहेर धक्क्याला त्याच्यासमोर बसलेल्या दोघा बहीणभावांची बोट बांधलेली होती. तिचं इंजिन गेल्या आठवड्यात जाम झालं, ते पुन्हा हललंच नाही.

“जड म्हणजे?” दादाने विचारलं.

“बोटीमागे दोरी धरून स्की करणाऱ्यांत हो. पाण्यावर उभा राहिला की माणूस हलका होतो, मग त्याला कुणीही ओढेल. पण बसल्या जागेवरून उभा करायचा तर इंजिनाचा जीव निघतो. म्हणून आधी वजन सांगा.”

“आमच्याकडे मुलंच असतात शिकायला. ही बहीण माझी वजन करून रांग लावते त्यांची, हलकं मूल आधी. किती गं, सगळ्यात जास्त?”

“बेचाळीस,” ती म्हणाली.

उत्तर बरोबर होतं. तरी ते तोंडातून निघाल्यावर काहीतरी चुकल्यासारखं तिला वाटलं. ती उठली, दारापर्यंत गेली, परत आली, टेबलावरचा एक नट उचलून बोटांत फिरवू लागली.

“बस ना एका जागी. सकाळपासून पायाला भिंगरी लागल्यासारखी फिरतेयस,” दादा म्हणाला.

“मग चाळीस भरपूर झालं,” मिस्त्री म्हणाला. “पेट्रोल कमी, वजन कमी, आवाज तर नाहीच. घरातलं एक तरी माणूस शांत असावं.”

दादा हसला. त्याने चाळीसच्या इंजिनावर हात ठेवला. व्यवहार ठरल्यावर ठेवतो, तसा.

“चौसष्ट,” ती म्हणाली.

“काय चौसष्ट?”

“सगळ्यात जड माणूस. चौसष्ट किलो.”

“एवढं थोराड पोर कुठलं आलं?”

“मी.”

दादाची नजर तिच्या चार वर्षांपूर्वी दुखावलेल्या उजव्या गुडघ्याकडे गेली. “डॉक्टर काय म्हणाले?”

“मार्चमध्येच हो म्हणाले.”

“पण बोटीत मागे तोंड करून तू बसतेस. चार वर्षं तूच बसतेयस. स्की करणाऱ्यावर नजर कोण ठेवणार?”

“तू.”

“आणि बोट?”

“चालवणारा बघू कुणीतरी.”

दादाने मान हलवली. “अगं, वर्षातून एकदा हौस म्हणून उतरशील. तेवढं चाळीसवर निघेल.”

“एकदा नाही. रोज. मुलं यायच्या आधी.”

मिस्त्रीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि पाना उचलला. “इथे बोलून काय होणार? लावतो चाळीसचं. बघा ओढतं का.”

पाणी गार होतं. लाइफ जॅकेट घालून, गुडघे छातीशी घेऊन, स्कींची टोकं वर धरून ती दोरीचा दांडा पकडून तरंगत राहिली. सुकाणूवर मिस्त्री होता. दादा मागच्या सीटवर तिच्याकडे तोंड करून बसला होता. असं बसायची सवय नसल्याने तो सारखा मान वळवून पुढे बघत होता.

“चला!” ती ओरडली.

इंजिन गरजलं. बोटीचं नाक वर गेलं, मागचा भाग पाण्यात रुतला, आणि सगळं पाणी भिंतीसारखं तिच्या छातीवर आलं. ती सेकंद मोजू लागली. पुरेशी ताकद असली तर चार-पाच सेकंदांत उभं राहता येतं, हे ती मुलांना शेकडो वेळा सांगत आली होती. सात. आठ. नऊ. खांदे ताणले गेले, नाकात पाणी गेलं. गुडघा दुखला, पण ढळला नाही. बाराला तिने दांडा सोडला.

दुसऱ्यांदाही तेच.

“दादा, पुढे या,” मिस्त्री ओरडला. “मागचा भार कमी होऊ दे, नाक खाली बसेल.”

दादा अर्धवट उठला. “मी पुढे आलो तर हिच्याकडे कोण बघणार?”

तो पुन्हा खाली बसला.

तिसऱ्यांदा ती चौदापर्यंत टिकली. बोट वळून तिच्याजवळ आली तेव्हा ती खोकत होती.

“पाहिलंस ना?” दादा म्हणाला. त्याचा आवाज मऊ झाला होता. “नाही गं जमत आता.”

“माझं जमतंय,” ती म्हणाली आणि हनुवटीने इंजिनाकडे खूण केली. “त्याचं जमत नाहीये.”

मिस्त्री फस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला. दादाने शिडी खाली सोडली. “वर ये. घरी जाऊन शांतपणे विचार करू.”

तिने शिडीला हात लावला नाही.

“मिस्त्री, पंचाहत्तरचं लावा.”

“ताई, हे उतरवून ते चढवायचं म्हणजे तास तरी जाईल. तोवर जरा ऊन खा बाहेर.”

“लावा तुम्ही.”

“अगं, तासभर पाण्यात काय करणार आहेस?” दादाने विचारलं.

तिने दोरीचा दांडा जवळ ओढला. मिस्त्रीने दादाकडे पाहिलं. दादाने शिडी वर ओढून घेतली.

बोट हळूहळू धक्क्याकडे निघाली. दोरीला धरून तीही मागोमाग गेली आणि पाय टेकणार नाहीत एवढ्या पाण्यात थांबली. शेडमधून साखळीचा खडखडाट ऐकू येऊ लागला. दादा धक्क्यावर येरझाऱ्या घालत होता. प्रत्येक फेरीला तो एकदा तिच्याकडे बघत होता आणि एकदा शेडकडे.

दोरी पाण्यावर सैल पडली होती. दांडा तिने दोन्ही हातांत धरून ठेवला होता. स्कींची टोकं पाण्याच्या वर होती.