कड्यातली हाळी

रिसॉर्टच्या गच्चीवर पाहुण्यांना चहा देता देता ठकूमावशीचा हात थबकला. समोरच्या कड्याला चिकटवलेलं यंत्र खरखरलं आणि पन्नास वर्षांपूर्वी दगडात मुरलेला आवाज बाहेर पडला.

"वाघरू उतरलंय होऽऽ! गुरं आवराऽऽ!"

आवाज तिच्या बाचा होता. बा जाऊन तीस वर्षं झाली होती.

"ऐकलेलं दगड विसरत नाही, आम्ही फक्त ते वाचतो," यंत्र चालवणारी ईशानी पाहुण्यांना सांगत होती.

ठकूमावशीला राहवेना. खोऱ्यात फोन नव्हते तेव्हाची रीत होती: कानावर पडलेली हाळी आधी पुढच्या वाडीला पोचवायची, मग हातातलं काम. तिने ट्रे खाली ठेवला, तोंडाशी हात नेले आणि दरीकडे वळून बेंबीच्या देठापासून ओरडली, "वाघरू उतरलंय होऽऽ! गुरं आवराऽऽ!"

"अहो मावशी, हे रेकॉर्डिंग आहे!" ईशानीने घाईघाईने यंत्र बंद केलं.

खाली वाडीच्या जागी आता वीस-वीस मजली इमारती होत्या. त्यांतल्या एका बाल्कनीतून थरथरती हाळी उठली. मग गेटवरच्या चौकीतून दुसरी. मग थेट हायवेपलीकडून एक, पुसट, पण शब्द न् शब्द तोच.

ईशानीने दचकून यंत्राकडे पाहिलं. ते बंदच होतं.

"कोण आहेत हे?"

"खालची वाडी," ठकूमावशी म्हणाली आणि मग तिने ट्रे उचलला.