एकापुरता स्टोव्ह

धुळ्यातल्या दुकानात ज्ञानचंद शेठनी सहलीला न्यायचे तीन-चार स्टोव्ह उचलून पाहिले आणि परत खाली ठेवले.

"काका, थंडीत साधा गॅस मंद जळतो. हा घ्या, याला वाऱ्याचा आडोसा आहे," दुकानदार म्हणाला. "किती जणांचा स्वयंपाक?"

"एकाचा."

"मग जरा मोठाच न्या. सोबत कोणी निघालं तर?"

"नको. बघणाऱ्याला एकाचाच वाटला पाहिजे."

दुकानदाराला काही उमगलं नाही. त्यानं सगळ्यात छोटा बांधून दिला.

चौथ्या दिवशी, ऊन वर आल्यावर, चाळीसगावच्या रस्त्याला शेठनी बाभळीखाली मूठभर डाळ-तांदळाची खिचडी शिजवली. गारठ्यातून अनवाणी चालत आलेल्या दोन जैन साध्वी समोर थांबल्या. साध्वीसाठी म्हणून रांधलेलं साध्वीला चालत नाही. धाकटीनं आधी तो एवढासा स्टोव्ह पाहिला, मग रिवाजाप्रमाणे विचारलं, "ही कोणासाठी केली?"

"माझ्यासाठीच, महाराजसाहेब," पोटच्या पोरीला सांगताना ज्ञानचंद शेठचा आवाज जरासुद्धा हलला नाही.